सोलला जाणारा माणूस

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या त्या घरात आम्ही एक वर्ष राहिलो, आणि वर्षभर मी एका सोलल्या जाणाऱ्या माणसासमोर बसून जेवले. हे वाक्य मी आजवर पुष्कळांना ऐकवलंय. लोक हसतात. त्यांना वाटतं, ही बाई नेहमीप्रमाणे तिखटमीठ लावून सांगतेय. तिखटमीठ लावायची काही गरजच नव्हती. जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर, माझ्या खुर्चीच्या बरोबर पुढ्यात, पुरुषभर उंचीचं तैलचित्र होतं आणि त्यात एका जिवंत माणसाची कातडी काढणं चाललं होतं. सकाळी दूध-सीरियल खाताना ते चालू असायचं, संध्याकाळी वरणभात कालवताना चालू असायचं, आणि आम्ही बाहेरगावी गेलो तरी मागे रिकाम्या घरात ते चालूच असणार, हा विचार माझ्या डोक्यातून जायचा नाही.

त्या युनिव्हर्सिटीच्या गावात एक रीत होती. प्रोफेसर लोक एक वर्षाच्या रजेवर परदेशी जायचे आणि आपलं घर सामानसुमानासकट कुणा संशोधकाला भाड्यानं देऊन जायचे. बाबा युनिव्हर्सिटीच्या एका लॅबमध्ये काम करायचे. नागपूरहून आल्यापासून आम्ही दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. तिथे खालच्या मजल्यावरच्या पोरांचं स्टिरिओ आमच्या ताटलीपर्यंत थरथरायचं. तेव्हा प्रोफेसर व्हिटकॉम्ब नावाचे कलेच्या इतिहासाचे प्रोफेसर इटलीला निघालेत आणि त्यांना ‘शांत, जबाबदार कुटुंब’ हवंय, असं बाबांच्या कानावर आलं. शांत आम्ही होतोच. जबाबदारी कसली, ते किल्ल्या घ्यायला गेलो तेव्हा कळलं. त्यांनी आम्हाला बॉयलर दाखवला नाही, कचरा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा ते सांगितलं नाही. सरळ जेवणाच्या खोलीत नेऊन चित्रासमोर उभं केलं आणि हात पसरून म्हणाले, “लुक ॲट दॅट फ्लेश!” गोरेपान, म्हातारे, मऊ बोटांचे गृहस्थ. दिवाळीत लाडू बघून लहान पोराचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. तीनशे वर्षांपूर्वीचं चित्र, नेपल्सच्या बाजूचं, चित्रकार अज्ञात. हवा कोरडी झाली तर रंगाला भेगा पडतात, म्हणून खोलीत एक ह्युमिडिफायर होता. त्याची टाकी रोज भरायची, थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही आणि चित्र हलवायचं नाही. एवढ्याच त्यांच्या अटी.

चित्रात काय चाललंय, ते त्यांनी मला मोठ्या प्रेमानं सांगितलं. मार्सियस नावाचा एक रानातला जीव. कमरेच्या खाली बोकड, वर माणूस. एका देवीनं फेकून दिलेला पावा त्याला सापडतो. तो वाजवत बसतो, शिकत जातो, आणि इतका तयार होतो की लोक म्हणायला लागतात, हा तर अपोलोपेक्षा सरस. अपोलो म्हणजे संगीताचा देव. मग दोघांची स्पर्धा ठरते. जो जिंकेल त्यानं हरलेल्याचं हवं ते करावं. अपोलो जिंकतो, आणि त्याला मार्सियसची कातडी हवी असते. “ही चॅलेंज्ड अ गॉड, यू सी,” प्रोफेसर म्हणाले, जणू त्यात सगळं आलं. बाबांनी विचारलं, “हू वर द जजेस?” प्रोफेसर जरा अडखळले. कलांच्या देवी होत्या म्हणे. तशा अपोलोच्याच मंडळातल्या. बाबा नाकातून हसले. घरी येताना बसमध्ये आईला म्हणाले, “परीक्षक घरचेच होते.” आईनं तोंडावर रुमाल धरला होता. मला वाटलं, बसमध्ये डिझेलचा वास येतोय म्हणून.

आता ते चित्र. अंधारं रान, मागे कुठेतरी विझत आलेलं आभाळ, आणि पुढे सगळा उजेड दोघांच्या अंगावर ओतलेला. मार्सियसचे हात झाडाला बांधून वर ताणलेले. तोंड उघडं, जीभ दिसतेय, आणि जिभेवरचा ओलावासुद्धा चित्रकारानं पांढऱ्या ठिपक्यांनी दाखवलाय. अपोलो एक गुडघा टेकून बसलाय. गुलाबी गाल, कुरळे केस, डोक्यावर हिरवी पानं, खांद्यावरून लाल रेशीम घसरतंय. त्याचा डावा हात मार्सियसच्या मांडीवरच्या जखमेत आहे, कातडीच्या आत, मनगटापर्यंत. ओला स्वेटर अंगातून काढावा तशी तो ती कातडी वर सरकवतोय. खालचं मांस लाल, जांभळं, मध्ये मध्ये चरबीचे पिवळे पट्टे. वरच्या दिव्याचा उजेड पडला की वार्निशमुळे ते सगळं आत्ताच कापल्यासारखं ओलं चमकायचं. खाली एक कुत्रं जीभ बाहेर काढून बसलंय आणि ते कशाची वाट बघतंय हे सांगायला नको. पण मला खरी शिसारी आली ती रक्ताची नाही. अपोलोच्या चेहऱ्याची आली. त्या चेहऱ्यावर राग असता तर मला चाललं असतं. माणूस रागाच्या भरात काहीही करतो. पण तो शांत होता. किंचित हसत होता. काम नीट चाललंय, वेळेत होईल, असा चेहरा. असे चेहरे मी पुढे ऑफिसांमधून आणि समित्यांमधून पुष्कळ पाहिले आणि दर वेळी मला तो अपोलो आठवला.

टेबलाला सहा खुर्च्या होत्या. पहिल्याच दिवशी बाबा चित्राकडे पाठ करून बसले आणि निवांत जेवले. आईनंही ती बाजू घेतली. राहिले मी, त्या दोघांसमोर आणि चित्रासमोर. आठवडाभरात माझं मटण सुटलं. रविवारी आई नागपुरी पद्धतीचा काळा मसाला भाजून रस्सा करायची. आधी तो वास आला की मी स्वयंपाकघरात घिरट्या घालायचे. आता वाटीतला तुकडा वळवला की समोर अपोलोचं मनगट दिसायचं आणि घास तोंडातच फुगायचा. “नखरे वाढलेत हिचे,” बाबा म्हणाले. पण आईनं कपाटातून एक जुनी फुलाफुलांची चादर काढली, स्टुलावर चढली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी ती चित्राच्या सोनेरी चौकटीला अडकवली. बाबा म्हणाले, भाड्याच्या अटी आहेत. आई म्हणाली, “हलवायचं नाही म्हणालेत. झाकायचं नाही असं कुठं म्हणालेत?” मग स्टुलावरून उतरत हळूच म्हणाली, “मला वास येतो त्याचा.” बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला. मी चादरीच्या आत नाक घालून हुंगून बघितलं. जुन्या लाकडाचा वास होता, थोडा तेलाचा. बाकी काही नव्हतं. ह्युमिडिफायरची टाकी भरणं माझ्याकडे होतं. मिशिगनच्या त्या हिवाळ्यात आमच्या तिघांचे ओठ फुटत होते, टाचा चिरत होत्या, आणि मी रोज शाळेतून येऊन बादलीनं पाणी भरत होते, कशासाठी, तर त्या सोलल्या जाणाऱ्या माणसाच्या कातडीला भेग पडू नये म्हणून.

आईला त्या गावात एकच मैत्रीण होती, नलूकाकू. मूळच्या पुण्याच्या, आमच्या आधी दहा-बारा वर्षं आलेल्या, नवरा शरदकाका मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. आईचं इंग्रजी दुकानापुरतंच होतं. बाबा लॅबमध्ये, मी शाळेत, आणि बाहेर पाच-पाच महिने बर्फ. पहिल्या हिवाळ्यात मी शाळेतून यायचे तेव्हा आई खिडकीशी उभी असायची. दुपारभर तशीच उभी होती, हे काचेवरच्या श्वासाच्या डागावरून कळायचं. मग एका दुकानात, डाळीच्या पाकिटाशी झटापट करताना तिला मराठी ऐकू आलं. त्या दिवसापासून रोज सकाळी दहाला फोन वाजायचा. नलूकाकूंनी तिला गाडी शिकवली, कूपनं कापायला शिकवली, बर्फात चालायचे बूट घेऊन दिले. आईनं त्यांना सांबारवडी खिलवली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बेसनाच्या पातळ पोळीत कोथिंबीर, खोबरं, खसखस भरून वळकटी करून तळायची. नलूकाकू ती वडी खाऊन टेबलावर हात आपटायच्या. “कुसुम, तू हे विकायला लाग गं, मी काउंटरवर बसते!” आई लाजायची. नागपूर सोडल्यापासून मी तिला लाजताना पाहिलं नव्हतं.

आम्ही बौद्ध आहोत हे नलूकाकूंना माहीत नव्हतं. लपवलं होतं असंही नाही. आडनाव कुठल्याही जातीत खपेल असं होतं. बुद्धाची लहानशी मूर्ती आणि निळ्या कोटातला तो फोटो, जो आमच्या प्रत्येक घरात असतो, आईनं बेडरूममध्ये कपाटावर ठेवला होता. दिवाणखान्यात कुणी काही मांडलं नव्हतं, दिवाणखाना व्हिटकॉम्बांचाच होता. बाबांचं म्हणणं सरळ होतं, विचारतील तेव्हा सांगू. आईचं म्हणणं तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण नलूकाकूंनी कुलदैवताचा किंवा लग्नातल्या रीतींचा विषय काढला की ती पटकन उठून चहा टाकायची. मी सोळा वर्षांची होते आणि मला तिचा राग यायचा. अमेरिकेत येऊनसुद्धा कसली भीती, असं वाटायचं. आता साठी ओलांडल्यावर वाटतं, ती भीती जातीची नव्हतीच. दहाचा फोन बंद पडण्याची होती.

गावातली पाच-सहा मराठी कुटुंबं महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी कुणा ना कुणाकडे जमायची. प्रत्येकानं एक पदार्थ करून न्यायचा. आमचं घर लहान, म्हणून आमची पाळी इतके दिवस आली नव्हती. आता दिवाणखाना, फायरप्लेस, मागे अंगण, सगळं होतं, आणि आईच्या अंगात उत्साह संचारला. कोथिंबिरीसाठी बाबांना डेट्रॉइटच्या बाजूच्या देशी दुकानापर्यंत पिटाळलं. शुक्रवारी आम्ही वड्यांची सारणं केली, शनिवारी पहाटेपासून गोळाभात, कढी, भरली वांगी. चादरीला आईनं चारही कडांनी नवे चिमटे लावले, वर एक माझी ओढणी अडकवली. तरी जेवणाच्या खोलीतली एक भिंत भलंमोठं पुडकं बांधून ठेवल्यासारखी दिसत होती, आणि लोकांना पुडकं दिसलं की सोडून बघायची खाज असतेच.

ती शरदकाकांना होती. मंडळी आली, कोट बेडवर पडले, दाराशी बुटांचा ढीग झाला, नलूकाकूंनी निळ्या फुलांच्या काचेच्या भांड्यात श्रीखंड आणलं होतं ते टेबलावर आलं. ताटल्या भरल्या आणि शरदकाका चादरीसमोर उभे राहिले. “वहिनी, हे काय झाकून ठेवलंय? प्रोफेसरसाहेबांचा खजिना का?” आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “राहू द्या भाऊजी, बघण्यासारखं नाही ते.” म्हटल्यावर तर झालंच. “आज याचं उद्घाटन करून टाकू,” म्हणून त्यांनी चिमटे काढले आणि चादर खाली ओढली. बायका “अगंबाई!” म्हणाल्या. पुरुष ताटल्या घेऊन जवळ आले. पहिल्या धक्क्यानंतर मला जे बघावं लागलं, ते मी विसरलेले नाही. किळस कुणालाच आली नाही. ते बघत बघत खात होते. कढीचे भुरके मारत, वडीचा तुकडा मोडत, मान वाकडी करून मांडीतलं मांस न्याहाळत होते. “काय डिटेल आहे, यार. शिरासुद्धा दाखवल्यात,” एक काका म्हणाले आणि वांग्याचा देठ चोखला.

नलूकाकूंची मीनल दहाएक वर्षांची होती. तिनं विचारलं, “डॅडी, व्हाय इज ही डुइंग दॅट टू हिम?” शरदकाका तिला समजावू लागले. हा गोरा, सुंदर, तेज:पुंज दिसतोय ना, तो देव. आणि हा शिंगं न् खुरं असलेला, तो राक्षस. “आपल्या नरसिंहाची स्टोरी सांगितली होती ना? पोट फाडतो तो? सेम थिंग. देव त्याला शिक्षा करतोय.” सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाला एक क्षण शंकाही आली नाही. कथा माहीत नाही, देश माहीत नाही, पण कोण देव आणि कोण राक्षस हे त्यांना रंगावरून आणि पायांवरून बघताक्षणी कळलं होतं, आणि ते कळल्यावर पुढचं मांस बघायला सोपं गेलं. एका काकूंनी तर सवयीनं एक हात छातीला लावला. मला गप्प बसवेना. मी म्हणाले, “तो राक्षस नाहीये, काका. ही वॉज अ म्युझिशियन.” आणि प्रोफेसरांनी सांगितलेली सगळी गोष्ट सांगितली, पावा, स्पर्धा आणि घरचे परीक्षक धरून.

शरदकाकांनी ती नीट ऐकून घेतली. वाईट माणूस नव्हता तो, हे मला लिहिलंच पाहिजे. सगळी गोष्ट ऐकून ते म्हणाले, “पण देवाशी कॉम्पिटिशन म्हणजे जरा टू मच झालं हं. आपली पायरी ओळखून राहावं ना माणसानं.” बाबा कोपऱ्यात उभे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “कुणी बांधलेली पायरी, शरदराव?” शरदकाकांना तो विनोद वाटला आणि ते मोठ्यानं हसले. त्यांच्याबरोबर सगळे हसले. हसण्याच्या त्या ओघातच नलूकाकू चित्राकडे बोट करून म्हणाल्या, “ते राहू द्या हो. मला गंमत वाटते ती दुसरीच. देव असून स्वतःच्या हातानं सोलतोय बघा, शी! आमच्या गावी मेलेली ढोरं ओढायला न् सोलायला वेगळे लोक असायचे. वेशीच्या बाहेर. त्यांच्या वाऱ्यालासुद्धा कुणी उभं राहायचं नाही. माझी आजी तर त्यांची सावली पडली तरी भरलेली घागर ओतून द्यायची. आणि इथे बघा, साक्षात देवच बसलाय ते काम करायला!” पुन्हा हशा झाला. त्यात खुन्नस नव्हती, आणि मला अजून शिसारी येते ती त्याचीच. हवेबद्दल बोलावं तितक्या सहज त्या बोलल्या होत्या.

आई नुकत्याच तळलेल्या वड्यांचं ताट घेऊन दारात उभी होती. तिचं सगळं ऐकून झालं होतं. चहा टाकायला ती वळली असती तर मला आश्चर्य वाटलं नसतं. बाबा तिच्याकडे बघत होते, पण पुढे झाले नाहीत. ती आत आली आणि म्हणाली, “ते आमचेच लोक, नलूताई.”

“कोण गं?” नलूकाकू अजून हसत होत्या.

“ते वेशीबाहेरचे. माझे आजोबा ढोरं ओढायचे. मी लहानपणी बघितलंय. तो वास हातातून जायचा नाही त्यांच्या, आजी राख लावून लावून धुवायची. मग आम्ही बौद्ध झालो आणि सगळ्या वस्तीनं ते काम सोडलं.” तिचा आवाज नेहमीचाच होता, पाहुण्यांशी बोलतानाचा. तिनं एकदा चित्राकडे पाहिलं. त्या घरात आल्यापासून तिनं ते पहिल्यांदाच पुरं पाहिलं असेल. “पण जिवंत कुणाला नाही सोललं त्यांनी,” ती म्हणाली. मग ताट पुढे केलं. “वड्या गरम आहेत. घ्या.”

कुणी घेतली नाही. ताट तसंच हवेत राहिलं आणि शेवटी बाबांनी ते आईच्या हातातून काढून घेतलं. नलूकाकूंच्या ताटलीत अर्धी खाल्लेली वडी होती. त्यांनी ताटली टेबलाच्या कडेला ठेवली, पेपर नॅपकिन घेतला आणि बोटं पुसली, एकेक बोट, अगदी नखांच्या कडांपर्यंत. “अहो, आम्ही असलं काही मानत नाही हं,” शरदकाका म्हणाले. “हल्ली कुठे राहिलंय ते,” आणखी कुणीतरी म्हणालं. मग कुणाला तरी रस्ते निसरडे होतील याची काळजी वाटली. बाहेर लख्ख ऊन होतं. अर्ध्या तासात बेडवरचे कोट आणि दाराशी पडलेले बूट गेले, आणि मी न् आई ताटल्या निपटायला लागलो. भात ढवळलेला, वड्यांना एकेक घास, वांगी चिवडलेली. कचऱ्याची पिशवी गरम अन्नानं फुगली, तिला घाम आला, आणि तो सगळा मसाल्याचा सुंदर वास एका मिनिटात ओकारी यावी असा झाला. बाबांनी मात्र स्वतःला वाढून घेतलं आणि ते जेवले. “बरं केलंस,” ते आईला म्हणाले. “काय बरं केलं?” आई एकदम ओरडली. “तुम्हाला लॅब आहे. मला एकच बाई होती बोलायला.”

अजूनही मी म्युझियमांमध्ये जाते, नवऱ्याला आवड आहे. असल्या चित्रांपुढे लोक हातात वाइनचे ग्लास घेऊन उभे असतात आणि प्रकाश कसा हाताळलाय त्यावर बोलतात. प्रकाश उत्तमच हाताळलेला असतो. मी पुढच्या खोलीत जाऊन बाकावर बसते.

सोमवारी दहाला फोन वाजला नाही. मंगळवारीही नाही. आई त्या वेळेला स्वयंपाकघरातच काहीतरी काम काढून थांबायची, भांडी पुन्हा पुसायची. शेवटी एकदा तिनंच केला. शरदकाकांनी उचलला आणि नलू झोपलीय म्हणाले. दोन आठवडे असे गेले. निळ्या फुलांचं ते काचेचं भांडं आमच्याकडेच राहिलं होतं. आईनं ते धुऊन ओट्यावर ठेवलं होतं, आणि कुणाचं भांडं रिकामं परत पाठवणं तिला माहीतच नव्हतं. एका शनिवारी तिनं पुन्हा कोथिंबीर मागवली. सकाळभर खपून वड्या केल्या, सगळ्या एका मापाच्या, कडा दाबून, सोनेरी तळून. भांडं काठोकाठ भरलं, वर फॉइल लावलं. “तिला राग आला असेल मी सांगितलं नाही म्हणून,” ती मला म्हणाली. “माझंच चुकलं. मैत्रिणीला आधी सांगायला हवं होतं.” मी काहीतरी फाडकन बोलणार होते, पण तिनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि केसांना तेल लावून नीट वेणी घातली होती. ते बघून मी भांडं उचललं.

ती गाडी घेऊन गेली, मी बरोबर. ड्राइव्हवेवर गाडी लावून तिनं इंजिन बंद केलं. “तू जा पुढे. बोलावलं तर मी येते.” नलूकाकूंच्या घरी सगळे बाजूच्या, स्वयंपाकघराच्या दारानं यायचे. मी बेल वाजवली आणि भांडं छातीशी धरून सवयीनं खाली वाकून एका हातानं बुटाची नाडी सोडायला लागले. दार उघडलं. नलूकाकूंनी माझ्या हातातलं भांडं घेतलं, खालून, फॉइलला बोट लागणार नाही असं. “थँक यू हं. आईला थँक्स सांग.” त्यांना माझ्याकडे बघता येत नव्हतं. गाडीकडे त्यांनी एकदा पाहिलं, आत कोण बसलंय हे त्यांना नक्की दिसलं, आणि दार लागलं. मी एका पायाचा बूट अर्धा काढून तशीच उभी. खाली बसून पुन्हा नाडी बांधायला लागले तेव्हा आत फॉइल फाटल्याचा आवाज आला. मग नळ सुटला. मग सिंकमधलं ते यंत्र सुरू झालं, खरकटं दळून गटारात सोडणारं, त्याची घरघर आली. ती बराच वेळ चालली. भांडं काठोकाठ भरलेलं होतं.

मी गाडीत येऊन बसले. स्वयंपाकघराची खिडकी ड्राइव्हवेकडेच होती आणि सिंक तिच्याखाली, तेव्हा आईला काय दिसलं नि काय नाही हे मला कळत नव्हतं. तिनं विचारलं, “काय म्हणाली?”

“थँक्स म्हणाली.”

“अजून?”

“टाकून दिल्या, आई. सिंकमध्ये.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“चव पण नाही बघितली?” आईनं विचारलं. मी मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर मी रडू शोधत होते. ते नव्हतं. तिचं नाक मुरडलं होतं, ओठ एका बाजूला ओढले गेले होते, नासलेल्या दुधाचं पातेलं उघडल्यावर व्हायचे तसे. तिनं काच खाली केली. बाहेरची गार हवा आत आली. खिडकीत नलूकाकू रिकामं भांडं विसळत होत्या. त्यांनी मान वर करेपर्यंत आई थांबली. रस्त्यात थुंकणाऱ्या माणसांचा तिला तिटकारा होता, मला लहानपणी त्यावरून एकदा फटका बसला होता. नलूकाकूंनी वर पाहिलं, दोघींची नजर मिळाली, आणि आई घशाच्या तळापासून खाकरून त्या स्वच्छ झाडलेल्या ड्राइव्हवेवर थुंकली. मग काच वर केली, मला पट्टा लाव म्हणाली आणि गाडी मागे घेतली.